पायऱ्या तेवढ्याच, गुडघे बदलले

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून दिले आहे, बोलण्याचा सूर मात्र तसाच ठेवला आहे.)



सचिवांनी मला विषय दिला आहे 'आनंदी वृद्धत्व'. म्हणाले, "सर, तुमचा आयुष्यभराचा विषय. वीस मिनिटं बोला. फक्त जेवण थंड होणार नाही एवढं बघा." या विषयावर मी तेहतीस वर्षं वर्गात बोललो. ज्येष्ठ नागरिक संघांत बोललो, १ ऑक्टोबरला शाळा-कॉलेजांत बोललो. सकाळी फिरा, मीठ कमी खा, छंद जोपासा, नातवंडांत रमा. पण आज आपल्या घरच्या माणसांसमोर तेच बोलायला जीभ रेटत नाही. आज थोडं माझ्या नोकरीविषयी आणि माझ्या दोन चुकांविषयी बोलतो. दोन्ही चुका याच इमारतीत घडल्या.

आधी नोकरीचं सांगतो, कारण इथल्या निम्म्या लोकांना मी नक्की काय शिकवत होतो हे अजून ठाऊक नाही. 'ए' विंगमधल्या एका काकांना पाच-सहा वर्षं वाटत होतं की मी समाजशास्त्राचा प्राध्यापक आहे. दुसरे एक जण मला रेशनकार्डाच्या कामासाठी भेटायला आले होते, कारण त्यांना कोणीतरी सांगितलं, "सर समाजकार्यात आहेत."

मी मूळचा पाथर्डी तालुक्यातला. १९७२ च्या दुष्काळात मी सोळा वर्षांचा होतो. आमच्या आजीनं तेव्हा साठी ओलांडली होती, तरी ती खडी फोडायच्या कामावर जायची. बी.ए. नगरला केलं आणि पुढे एम.एस.डब्ल्यू. करायचं ठरवलं. वडिलांचं म्हणणं होतं, बी.एड. कर, मास्तर हो. मी समाजकार्याचं नाव काढल्यावर ते म्हणाले, "समाजाची सेवा करायला डिग्री कशाला लागते? गाडगेबाबांकडं कुठली डिग्री होती?" या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. पुढे दर जूनमध्ये पहिल्या तासाला मी हाच प्रश्न मुलांना विचारायचो.

या शिक्षणाची सुरुवात आपल्याकडे १९३६ साली मुंबईत झाली. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे अमेरिकन मिशनरी नागपाड्यात वस्तीत काम करत होते. त्यांच्या पुढाकाराने आणि टाटा ट्रस्टच्या पैशाने समाजकार्याची पहिली शाळा निघाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. पुढे पुण्यात कर्वे संस्था आली, नगरमध्येही समाजकार्याचं शिक्षण सुरू झालं. या शिक्षणाचं सार एका वाक्यात सांगायचं तर असं: मदत करण्याआधी समोरच्याचं नीट ऐकून घ्या. ऐकणं सोपं वाटतं. मला ते जमायला फार वर्षं लागली.

मी शिकवायला लागलो तेव्हा बालकल्याण होतं, कामगार कल्याण होतं, कुटुंब समुपदेशन होतं. म्हातारपण हा शिकवण्याचा विषय असतो असं कोणाला वाटत नव्हतं. १९८२ साली संयुक्त राष्ट्रांची वृद्धत्वावरची पहिली जागतिक परिषद व्हिएन्नाला भरली, तेव्हापासून आपल्याकडेही थोडी हालचाल सुरू झाली. पुण्यात डॉ. शरच्चंद्र गोखले यांच्यासारखी माणसं या प्रश्नावर सतत बोलत-लिहीत राहिली. वार्धक्यशास्त्र, इंग्रजीत जेरोंटॉलॉजी, हा शब्द १९०३ मध्ये मेचनिकॉफ या शास्त्रज्ञानं रूढ केला. पुढे त्याला नोबेलही मिळालं. दह्यामुळे माणूस जास्त जगतो असं या गृहस्थाचं मत होतं. त्यामुळे आपल्या इमारतीतल्या विरजण लावणाऱ्या सगळ्या आज्या शास्त्रज्ञच म्हणायच्या.

पीएच.डी.साठी मी माझाच तालुका निवडला. पाथर्डी, शेवगाव, तिकडे बीडचा भाग, इथून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. सहा महिने गावात उरतात ते म्हातारे आणि शाळेत जाणारी लेकरं. मी शंभरावर प्रश्नांची छापील अनुसूची घेऊन अशा घरांमधून फिरलो. त्यात एक प्रश्न होता, 'तुमची काळजी कोण घेतं?' खाली रकाने: मुलगा, सून, मुलगी, इतर.

एका घरासमोर सत्तरीच्या एक आजी ज्वारी पाखडत बसल्या होत्या. तीन नातवंडं अंगणात. मी प्रश्न विचारला. त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "आरं बाबा, माजी काळजी कोन घेनार? मीच तिघांची घेतीय. तुज्या कागदात तसा रकाना न्हाई का?"

नव्हता. अमेरिकन पुस्तकं वाचून मी तो कागद तयार केला होता आणि त्यात म्हातारा माणूस म्हणजे काळजी घेतला जाणारा माणूस, एवढंच गृहीत धरलं होतं. रात्री एस.टी.नं परत येताना मी ती अनुसूची पुन्हा लिहायला घेतली. माझ्या मार्गदर्शकांना ते आवडलं नाही, दीड वर्ष वाढलं. पण माझ्या प्रबंधात काही दम असेल तर तो त्या आजींच्या रकान्यात आहे.

दुसरी शिकवण जामखेडनं दिली. आपल्याच जिल्ह्यात १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. गावोगावच्या बायका, बहुतेक कधी शाळेत न गेलेल्या, त्यांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभरातले डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले. मी दरवर्षी विद्यार्थ्यांना तिकडे घेऊन जायचो. सुईण कोणाकडे जाते, कुठल्या घरात कोण जेवलं नाही, कुठल्या म्हातारीचा खोकला थांबत नाही, हे त्या बाईला न विचारता ठाऊक असतं. डॉक्टर नंतर येतो. आधी कोणाच्या तरी लक्षात यावं लागतं.

हे मी वर्गात फार छान शिकवत असे. आता चुकांकडे येतो.

आपण इथे २००० साली राहायला आलो. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होतो आणि या इमारतीतल्या 'मोठ्या' माणसांत माझी गणना व्हायची. छत्तीस घरं. सावेडीत तेव्हा आजूबाजूला मोकळी रानं होती, दिवसाआड पाणी यायचं, टँकरसाठी आपण रात्री जागायचो. मुलांच्या सायकलींनी हे पार्किंग भरलेलं असायचं. आज ती मुलं पुण्यात, बंगळुरूला, काही सातासमुद्रापलीकडे आहेत. परवा मी बसून मोजलं. आज इथे राहणाऱ्यांत जवळजवळ तिसरा माणूस साठीपुढचा आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं सुमारे दहा कोटी चाळीस लाख होती, म्हणजे शंभरात साडेआठ-नऊ. आपण त्या मानानं फारच पुढे गेलो! वृद्धाश्रमाचा बोर्ड कोणी लावला नाही, कोणी ठरवलंही नाही. एकाच वयाची माणसं एकाच वर्षी राहायला आली आणि एकत्रच म्हातारी झाली. आमच्या शास्त्रात याचा स्वतंत्र अभ्यास होतो. मी तो शिकवत होतो आणि त्याच्यातच राहत होतो, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही.

पहिली चूक. दहा-अकरा वर्षांपूर्वी वार्षिक सर्वसाधारण सभेत लिफ्टचा विषय निघाला होता. तळमजल्यावरच्यांचं म्हणणं होतं, आम्ही पैसे का द्यायचे? तिसऱ्या मजल्यावरचे म्हणत होते, आम्हाला झेपेना. मी उठून बोललो, "पायऱ्या चढणं हा उत्तम व्यायाम आहे. जगभरचे तज्ज्ञ हेच सांगतात." सर बोलले म्हटल्यावर विषय संपला. माझं ते वाक्य इतिवृत्तात आहे, सचिवांनी या भाषणाच्या तयारीत मला ते काढून दाखवलं. त्या वेळी मी सायकलवर कॉलेजला जात होतो. ज्याचे गुडघे शाबूत आहेत त्याच्यासाठी ते वाक्य खरंच होतं. पायऱ्या आजही तेवढ्याच आहेत, तळापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत चोपन्न. आज तिसऱ्या मजल्यावरच्या एक वहिनी गेल्या दिवाळीपासून खाली उतरलेल्या नाहीत. गणपतीची आरती त्यांनी गॅलरीतून केली. आत्ताही त्या तिथेच बसून हे ऐकत आहेत. वर बघा, हात करताहेत. वहिनी, तुम्ही तिथे बसला आहात त्यात माझ्या त्या वाक्याचाही वाटा आहे. मी तुमची माफी मागतो.

दुसरी चूक सांगायला मला जास्त जड जातं. ती सांगण्याआधी मी त्या घरच्यांची परवानगी घेतली आहे.

आपले गुरुजी सगळ्यांना आठवतात. बाई गेल्यावर ते एकटेच राहत होते, मुलगा पुण्याला, लेक नाशिकला. तीन वर्षांपूर्वी, पावसाळ्यात, एका संध्याकाळी ते बाथरूममध्ये पडले. खुबा मोडला. बाथरूमची कडी आतून लावलेली, फोन हॉलमध्ये. ते तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकरापर्यंत पडून होते.

त्या सकाळी मी फिरायला जाताना त्यांच्या दाराशी पेपर पडलेला पाहिला. दुधाची पिशवीही होती. परत येताना पाहिलं, पेपर तिथेच. मनात आलं, गेले असतील लेकीकडे. आणि मी वर येऊन एका चर्चासत्राचं टिपण लिहायला बसलो. विषय सांगितला तर तुम्हाला खरं वाटणार नाही, 'एकटे राहणारे ज्येष्ठ आणि शेजाऱ्यांची भूमिका'.

लक्षात कोणाच्या आलं? धुण्याभांड्याच्या मावशींच्या. त्या रोज साडेदहाला यायच्या, गुरुजी दार उघडून आधी त्यांना चहा द्यायचे. बेल वाजवून दार उघडेना म्हटल्यावर त्या निघून गेल्या नाहीत. इतर घरांची कामं उरकून पुन्हा आल्या, खिडकीशी कान लावला, आतून कण्हण्याचा आवाज ऐकला आणि आरडाओरडा केला. मग आपण सगळे धावलो, दार तोडलं. पडल्यावर तासाभरापेक्षा जास्त वेळ जमिनीवर तसंच राहणं म्हाताऱ्या शरीराला मोडलेल्या हाडाइतकंच घातक असतं. पाणी कमी होतं, स्नायू सडायला लागतात, मूत्रपिंडावर भार येतो. हे मी शिकवलेलं आहे. गुरुजी त्यातून वाचले, पण पुन्हा उभे राहिले नाहीत. आठ महिन्यांनी नाशिकला लेकीच्या घरी गेले.

मी भेटायला गेलो होतो. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. उलट विचारलं, "तुमचं ते चर्चासत्र कसं झालं?"

मंडळी, तेव्हापासून मला वाटतं की आपल्याला 'आनंदी वृद्धत्व' वगैरे मोठ्या गोष्टींआधी एक साधी गोष्ट हवी. आपण दिसलो नाही तर दुपारच्या आत कोणाच्या तरी लक्षात आलं पाहिजे. माझ्या सगळ्या नोकरीचं तात्पर्य मी आज इतकंच सांगेन. लक्षात येण्यासाठी पदवी लागत नाही, हे मावशींनी दाखवून दिलं. वडिलांच्या प्रश्नाचं उत्तरही मला तिथेच मिळालं.

आता कामाच्या चार गोष्टी.

पहिली, लक्ष कशाकडे ठेवायचं. सिडनी कॅट्झ नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६३ साली रोजच्या जगण्यातल्या सहा गोष्टींची मोजपट्टी दिली: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हातानं जेवणं. त्यांना असं दिसलं की लहान मूल ज्या क्रमानं या गोष्टी शिकतं, साधारण त्याच्या उलट क्रमानं म्हातारपणी त्या सुटतात. आंघोळ आधी सुटते, घास तोंडात घालणं सगळ्यात शेवटी. त्याच्याही आधी बारीक खुणा दिसतात. लाइटबिल भरायचं राहतं, गोळ्या दोनदा घेतल्या जातात, नेहमीच्या भाजीवाल्याला दोनदा पैसे दिले जातात, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळ होतो. असं दिसलं तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. विस्मरण हा म्हातारपणाचा स्वभाव नाही, तो पुष्कळदा आजार असतो.

दुसरी, घर. बाथरूममध्ये भिंतीला पकडायला दांडी, खाली न घसरणारी फरशी किंवा रबरी मॅट, रात्री मंद दिवा. आणि एकट्यानं राहणाऱ्यांनी बाथरूमची कडी कृपा करून लावू नये. घराची एक किल्ली शेजारी द्यावी. विश्वासाचा प्रश्न येतो, मला माहीत आहे. पण दार तोडायला लागलेला वेळ मी मोजला आहे, बावीस मिनिटं.

तिसरी, कायदा. २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा आहे. पोटची मुलं सांभाळत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे साध्या अर्जावर दाद मागता येते, महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. अशा प्रकरणांत मी समुपदेशनासाठी बसलो आहे. बहुतेक वेळा भांडणाच्या मुळाशी घाईनं केलेलं बक्षीसपत्र असतं. म्हणून सांगतो, फ्लॅट हयातीत नावावर करून द्यायची घाई करू नका. केलाच तर 'मला शेवटपर्यंत सांभाळायचं' ही अट कागदावर लिहून घ्या. अट मोडली तर याच कायद्याच्या कलम २३ प्रमाणे ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. आणि सोसायटीत नॉमिनी लावला म्हणजे तो मालक झाला असं नव्हे, मृत्युपत्र वेगळं करावं लागतं. अडचणीत १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मदतीचा नंबर आहे, तो फ्रिजवर चिकटवा. आपल्याकडे काम करणाऱ्या मावशींपैकी कोणी पासष्टीच्या पुढे असतील तर त्यांचा श्रावणबाळ योजनेचा अर्ज भरून द्या. तलाठी, तहसील हे त्यांना एकटीला जमत नाही. आपल्यातल्या निवृत्त कारकुनांना ते डाव्या हाताचं काम आहे.

चौथी गोष्ट माझ्या त्या आजींच्या रकान्याची. म्हाताऱ्यांना नुसती सेवा नको असते, काम हवं असतं. या इमारतीत तीन निवृत्त शिक्षक आहेत, एक नर्स आहे, दोन बँकवाले, एक एस.टी.चे कंट्रोलर. आणि खाली आपल्या वॉचमनची मुलगी दहावीत आहे, तिला गणित अवघड जातं. जोडी लावायला कोणाची परवानगी लागत नाही.

गुरुजींच्या घटनेनंतर महिला मंडळानं एक पद्धत पाडली, तिचा उल्लेख स्मरणिकेत राहिला पाहिजे. एकटे किंवा दोघंच राहणाऱ्या घरांनी सकाळी उठल्यावर दाराला अडकवलेली छोटी लाल पिशवी आत घ्यायची. नऊ वाजता जिन्यातून जाणारं कोणीही, पिशवी बाहेर दिसली तर बेल वाजवायची. बस. ना अ‍ॅप, ना वर्गणी. गेल्या वर्षी या पिशवीमुळे 'सी' विंगमधल्या एका आजोबांची साखर उतरलेली वेळेवर कळली. ते आज पहिल्या रांगेत बसले आहेत, आणि जेवणात जिलेबी आहे हे त्यांना कळलेलं आहे, तेव्हा त्यांच्यावर लक्ष ठेवा!

शेवटची विनंती. पुढच्या सर्वसाधारण सभेत लिफ्टचा विषय पुन्हा येतो आहे. तळमजल्यावरच्यांना वर्गणीत सवलत कशी द्यायची, सिंकिंग फंडातून किती घ्यायचे, हे हिशेब खजिनदार मांडतील आणि त्यावर भांडायचा सगळ्यांना हक्क आहे. मी फक्त माझं जुनं वाक्य मागे घेतो. तशी नोंद इतिवृत्तात करावी, असं मी अध्यक्षांना लेखी दिलं आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण टँकरसाठी एकत्र जागलो. कोणाच्या टाकीत किती पाणी आहे हे तेव्हा आपल्याला ठाऊक असायचं. आता दाराआड कोण कसं आहे एवढंच ठाऊक ठेवायचं आहे. आणि पन्नासाव्या वर्षी जो कोणी इथे उभा राहील, त्याला तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाची माफी मागावी लागू नये.

आज जेवणाचं पहिलं ताट घेऊन मी वर वहिनींकडे जाणार आहे. चोपन्न पायऱ्या आहेत. कोणी सोबत आलं तर आवडेल.